मोरी, सिंक आणि अर्धे लिंबू



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी दिसली की, आम्ही वऱ्हाडातील कामगार चळवळीवर काही बोलावे. आम्ही उलट टपाली विषय कळविला तो 'स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटचे सिंक : निवड आणि निगा' असा. त्यावर आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी ते स्वतःच घरी आले आणि चहा घेता घेता हळूच विचारते झाले, "काय हो, युनियन सोडून दुकान वगैरे काढले की काय?"

दुकान काढलेले नाही. पण गेल्या तीनचार वर्षांत या एका वस्तूपायी आमच्याकडे इतकी भांडणे आली की, ती मिटविता मिटविता आम्हांस तिचा अभ्यास करावा लागला. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढले सारे जिनिंगच्या आवारात, वाचनालयात आणि लोकांच्या भांडणांत झाले. तेव्हा ज्यांना रसायनशास्त्र येते त्यांनी आमच्या चुका पदरात घ्याव्या आणि ज्यांना भांडी घासता येतात त्यांनी तर अवश्य दाखवाव्या.

आता या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना वऱ्हाडातील जुनी मोरी आठवत असेल. धाब्याचे घर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक शहाबादी फरशी, तिला विटांचा बुटका कठडा, भिंतीला एक भोक आणि भोकाबाहेर अळूची पाने. बाई पाटावर बसून चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घाशी. तांब्यापितळेला चिंच लावी. पुढे ओटा आला, बाई उभी राहिली आणि मोरीही तिच्याबरोबर कमरेइतकी वर चढली. तिचे नाव सिंक झाले. आधी ते कडप्प्याचे किंवा मोझेकचे होते, मग स्टीलचे आले, आणि आता अमरावती-अकोल्याच्या नव्या वसाहतींत ज्याला त्याला काळेशार 'ग्रॅनाइटचे' सिंक हवे आहे. ज्या गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली आपल्याच जिल्ह्यात, शेंडगावी झाला, त्यांचे ताट, वाटी आणि तांब्या मिळून एकच गाडगे होते. ते त्यांनी स्वतःच धुतले. त्यांना हे व्याख्यान लागले नसते. आपणांस लागते, कारण आपली भांडी वाढली आणि ती घासणारे हात बहुधा आपले नाहीत.

पहिली गोष्ट ही सांगावयाची की, ग्रॅनाइटचे म्हणून जे सिंक दुकानात मिळते ते दगड कोरून केलेले नसते. कित्येक सुशिक्षित गृहस्थही समजतात की एखाद्या खाणीतील शिळा पोखरून हे काढले असावे. तसे नाही. रव्याचा लाडू कसा होतो ते आठवा. रवा असतो आणि त्याला धरून ठेवणारा पाक असतो. या सिंकमध्ये रव्याच्या जागी गारगोटीची बारीक वाळू असते, कधी तीत ग्रॅनाइटचा चुराही असतो. पाकाच्या जागी अ‍ॅक्रिलिक नावाची कृत्रिम राळ असते, म्हणजे दुकानांच्या पाट्यांसाठी जे पारदर्शक तक्ते वापरतात त्याच जातीची. वजनाच्या हिशेबाने सुमारे सत्तर ते ऐंशी भाग वाळू आणि उरलेला भाग राळ व रंग. हे मिश्रण साच्यात ओतून तापविले की राळ घट्ट होते आणि सिंक तयार होते. ही कृती जर्मनीतील शॉक या कंपनीने १९७९ साली बाजारात आणली. आपल्या देशात भावनगरला १९८७ साली अ‍ॅक्रिसिल नावाची कंपनी निघाली, तिने त्याच जर्मन तंत्राने ही सिंके करावयास घेतली. आज तिचे नाव कॅरिसिल आहे, आणि तिच्याखेरीज आणखीही पुष्कळ कारखाने या धंद्यात उतरले आहेत.

लाडवाचा दृष्टांत आम्ही उगाच दिला नाही. पाक जास्त झाला तर लाडू हाताला चिकटतो आणि नखाने खरवडतो. सिंकचेही तेच. राळ महाग असली तरी काही नकली मालात वाळू कमी, राळ हलकी आणि वरून नुसता रंगाचा थर असा प्रकार असतो. गारगोटी ही पोलादी सुरीपेक्षा कठीण. लहानपणी आपण दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून अंधारात ठिणग्या पाहिल्या आहेत, तीच ही. म्हणून अस्सल सिंकच्या पाठीवर, दुकानदाराला विचारून, खिशातले नाणे ओढून पाहावे. एक करडी रेघ उमटेल. ओल्या फडक्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन ती पुसली गेली तर ती नाण्याची झीज होती, सिंकची नव्हे. नाणे आत रुतून चरा पडला तर दुकानदाराचे आभार मानून बाहेर पडावे. तसेच नळासाठी किंवा पाणी जाण्यासाठी जे भोक पाडलेले असते त्याची कड पाहावी. वरचा रंग आतपर्यंत एकसारखा गेला असेल तर माल एकजिनसी. वर काळा आणि आत मातकट दिसला तर तो रंगारी माल. बोटाच्या पेराने ठोकूनही कळते. चांगले सिंक भरीव बोलते, नकली सिंक प्लास्टिकच्या बादलीसारखे वाजते. शिवाय ते उचलून पाहावे. स्टीलच्या सिंकला हात घालण्याची सवय असलेला माणूस याचे वजन पाहून दचकतो, आणि त्याने दचकलेच पाहिजे.

परंतु घ्यावे की नाही, हा प्रश्न आधीचा आहे. त्याचे उत्तर आपल्या भागात पाण्यापासून सुरू होते.

आपण सारे जाणतो की पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूंची शेकडो गावे त्यात येतात. विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. म्हणून तर वानच्या धरणावरून चौऱ्याऐंशी खेड्यांची आणि काटेपूर्णेवरून चौसष्ट खेड्यांची नळयोजना करावी लागली. शहरातील गोष्ट थोडी बरी. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, अकोल्याला काटेपूर्णेचे. पण नव्या वसाहतींत नळ पुरत नाही, म्हणून प्रत्येक इमारतीने बोअर घेतलेला असतो, आणि पिण्याखेरीज सारे काम त्या पाण्यावर चालते. ते पाणी कुठे खारट, कुठे जड, कुठे दोन्ही.

खारट पाणी स्टीलचे वैरी. पाण्यातील मिठाचा जो क्लोराइड अंश असतो तो स्टीलच्या पृष्ठभागावरील रक्षक थर जागोजागी भेदतो आणि तांबूस ठिपके पडतात. त्यातही दुकानात जे स्वस्त स्टील मिळते ते पुष्कळदा २०२ जातीचे असते. त्यात निकेल कमी, म्हणून ते लवकर ठिपकते. ३०४ जातीचे त्यापेक्षा पुष्कळ टिकते. (आमच्याकडे गंज म्हणजे भांडे, आणि लोखंडाला चढतो तोही गंजच. परगावच्या प्लंबरला बाईने 'सिंकात गंज आहे' म्हटले तर तो नवे सिंक बसवावयास निघेल.) वाळू-राळेच्या सिंकला हा क्लोराइडचा त्रास मुळीच नाही. त्याला गंजावयास लोखंडच नाही. तेव्हा खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याने हे सिंक घेतले तर ती नुसती हौस नव्हे, त्यात व्यवहार आहे. ज्याच्या घरी धरणाचे गोडे पाणी बारमाही येते त्याने मात्र ३०४ स्टीलचे जाड पत्र्याचे सिंक घेऊन उरलेल्या पैशांत मुलांना पुस्तके आणली तरी आम्ही त्याला शहाणाच म्हणू.

आता जड पाण्याची गोष्ट. त्यात चुना आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. पाणी वाळले की चुना मागे राहतो. पांढऱ्या बेसिनवर तो दिसत नाही, स्टीलवर थोडा दिसतो आणि काळ्या सिंकवर असा दिसतो की जणू कोणी रांगोळी सांडली. येथेच आमच्या पहिल्या भांडणाचा उगम आहे.

आमच्या संघटनेत घरकाम करणाऱ्या बाया आहेत. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कायद्यात सिंकचे कलम नाही. अकोल्याच्या एका नव्या वसाहतीत कामाला असलेली एक मावशी एके दिवशी कचेरीत आली. म्हणाली, "दादा, त्याइनं ते काळं सिंक आनलं. दोन मयन्यात पांढरं फटक झालं. बाई म्हनते तू घासत नाहीस, काहून पैसे देऊ? आता खाऱ्या पान्याले मी काय करू?" पगारातून दोनशे रुपये कापले होते. शिवाय तिने बिचारीने तारेची घासणी घेऊन जोर लावला होता, त्याने पांढरे गेले नाहीच, उलट करड्या रेघा उमटल्या. त्या पाहून मालकीणबाईंनी सिंकची भरपाई मागितली.

आमच्या तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की बायांना घेऊन त्या घरापुढे उभे राहावे. आम्ही म्हटले, उभे राहू, पण आधी ते सिंक पाहू. आम्ही मोर्चा नेला नाही, दोन लिंबे नेली. मालकीणबाई शिक्षिका होत्या, शांत बोलणाऱ्या. आम्ही त्यांची परवानगी घेऊन अर्धे लिंबू सिंकच्या तळावर पिळले. बारीक बुडबुडे उठले. लिंबातले आम्ल चुन्याशी भिडले की जो वायू सुटतो त्याचे ते बुडबुडे. पाच मिनिटे थांबलो, मऊ घासणी फिरविली, पाणी ओतले, आणि हातभर जागा पहिल्या दिवसासारखी काळी झाली. मग करड्या रेघांवर ओला सोडा चोळला, त्याही गेल्या, कारण ते चरे नव्हतेच. कठीण गारगोटीने तारेच्या घासणीचे लोखंड खरवडून घेतले होते. बाईंनी पाहिले, आत गेल्या आणि दोनशे रुपये आणून मावशीच्या हातावर ठेवले. चहाही झाला. आम्ही पस्तीस वर्षांत पुष्कळ तडजोडी केल्या, त्यात इतक्या स्वस्तात झालेली दुसरी नाही.

त्या दिवसापासून आम्ही बायांच्या बैठकीत हे शिकवू लागलो. सिंकवर जे डाग दिसतात ते सारे एका जातीचे नसतात आणि एकाच औषधाने जात नाहीत, हे मुख्य ध्यानात धरावयाचे. नुसत्या मिठाची पांढरी झाक असेल तर ती गोड्या पाण्याने पुसूनच जाते. चुन्याचा थर असेल तर त्याला आंबट हवे, लिंबू किंवा पाणी घातलेला व्हिनेगर. भांड्यांच्या करड्या-काळ्या रेघा असतील, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमच्या गंजांच्या, तर त्यांना सोड्याची हलकी घासण हवी. तेलाचा चिकट पापुद्रा असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. आंबट लावून तेल जात नाही आणि साबण लावून चुना जात नाही. हळदीचा किंवा चहाचा डाग काळ्या सिंकवर दिसला तर समजावे की खाली चुन्याचा थर बसला आहे आणि डाग त्या थराला आहे, कारण मूळ सिंक जवळजवळ काहीच शोषून घेत नाही. थर काढला की डाग त्याच्याबरोबर जातो. पांढऱ्या किंवा बदामी सिंकवर मात्र पातोडीच्या रश्शाची हळद काही दिवस पाहुणी राहते. तेथे गरम पाण्यात साबणाची भुकटी कालवून तासभर भरून ठेवावे.

लिंबाविषयी एक सावधगिरी. आपला ओटा कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा असेल तर लिंबू सिंकच्या बाहेर सांडू देऊ नये. ते दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत. जे लिंबू सिंक उजळते तेच ओट्याची चकाकी खाते. आणि संडास धुण्याचे आम्ल तर कोणत्याच सिंकला लावू नये. स्टीलवर ते वण पाडते, सांध्यांतील सिमेंट खाते, आणि ज्या बाईचे तोंड सिंकवर वाकलेले असते तिच्या नाकातोंडात त्याची वाफ जाते. तुंबलेली नळी मोकळी करावयाचा कॉस्टिकही सिंकच्या अंगावर राहू देऊ नये. रंग पातळ करण्याचे थिनर किंवा नखांचे रंग काढणारे द्रावण या राळेला मऊ करते. राखेचा आम्हांस अभिमान आहे, पण राखेत खडे असतात. पितळेला राख, या सिंकला नको.

हे सारे टाळण्याचा एक उपाय इतका साधा आहे की सांगावयास संकोच होतो. शेवटचे भांडे उचलले की सिंक फडक्याने कोरडे करावे. पाणी वाळू दिले नाही तर चुना बसत नाही. एक मिनिटाचे काम. पण हे मिनिट कोणाचे, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. बाई सकाळी भांडी घासून गेली, त्यानंतर दिवसभर घरातील माणसे पेले धुतात, भाजी धुतात, हात धुतात. संध्याकाळी दिसणारा पांढरेपणा बाईचा नव्हे. ते मिनिट घरच्यांचे आहे. काळ्या सिंकला खोबरेल तेल चोळण्याची युक्ती हल्ली पुष्कळ जण सांगतात. त्याने दोन दिवस सिंक चकचकते खरे, पण चुना खालीच राहतो आणि तेलावर धूळ बसते. लग्नघरापुरती ती युक्ती ठीक. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांनी मुळात गडद काळा रंग घेऊच नये. करडा किंवा वाळूचा रंग घ्यावा, त्यावर चुना लपतो आणि भांडणही लपते.

उष्णतेविषयी दुकानदार मोठ्या गोष्टी सांगतात. कित्येक कंपन्यांच्या पत्रकांत दोनशे ऐंशी अंशांपर्यंत सहन होते असे छापलेले असते. भाताची पेज ओतली, उकळते पाणी ओतले, त्याने काही होत नाही. नळ थोडा सोडून ओतले तर खालच्या प्लास्टिकच्या नळीलाही बरे. पण भाकरीचा लोखंडी तवा मोठ्या आचेवर किती तापतो याचे पत्रक कोणी छापलेले नाही. तवा आणि फोडणीची कढई आधी ओट्यावर थंड होऊ द्यावी. याहून मोठी भीती आपटण्याची. हे सिंक कठीण आहे, पण लवचीक नाही. स्टीलच्या सिंकला पोचा येतो, याचा टवका उडतो किंवा तडा जातो. खलबत्ता, वरवंटा, दहा माणसांची पितळी परात ही हातातून निसटली तर सिंकच्या नशिबी काय आहे ते सांगता येत नाही. लहान टवका विशेष लांबीने भरता येतो, तडा गेलेले सिंक बदलावेच लागते. तळाशी रबराची किंवा तारेची जाळी ठेवली तर अर्धी भीती जाते आणि दुसरे एक काम होते, ते आता सांगतो.

दुकानात उभे राहून सिंक निवडणारा बहुधा पुरुष असतो आणि तो खोली पाहून खूष होतो. नऊ इंच, दहा इंच, जितके खोल तितके चांगले. त्याला त्यात कधी वाकावयाचे नसते. ओटा बत्तीस-तेहेतीस इंच उंच असला आणि सिंक दहा इंच खोल असले तर भांडे घासणाऱ्या बाईचे हात जमिनीपासून दोन फुटांवर काम करतात. तासभर अशी वाकून राहिलेली बाई संध्याकाळी कंबर धरून आमच्या कचेरीत येते. आमचे सांगणे असे की, खरेदीला जाताना जी बाई त्यावर काम करणार आहे तिला बरोबर न्यावे. घरची असो की कामाची. तिने सिंकच्या तळाला हात टेकवून पाहावा. पाठ वाकली तर ते सिंक तिचे नव्हे. आठ इंच पुष्कळ झाले. घेऊन बसलेच असाल तर ती जाळी दीडदोन इंच उंच घ्यावी. बाई ठेंगणी असेल तर पायाखाली पाट द्यावा. लांबी-रुंदी मात्र सढळ असावी, कारण आपली परात आणि वरणाचा मोठा गंज आडवा मावला नाही तर तो शेवटी मागच्या मोरीतच जातो. आणि ज्या गावात नळ रोज येण्याचा भरवसा नाही तेथे तोटी सोडून घासण्याऐवजी सिंकात एक टब ठेवून त्यात खंगाळावे. सिंक चांगले म्हणून पाणी जास्त येत नाही.

आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला तेथे येतो.

गारगोटीची वाळू सिंकात बसली की ती निरुपद्रवी आहे. राळेने तिला धरून ठेवले आहे, तिच्यापासून घरच्या माणसाला काही भय नाही. भय आहे ते ती कोरडी दळताना आणि कोरडी कापताना. तिची जी धूळ उडते, तिच्यातील अतिबारीक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तेथे रुततात आणि भोवती वण धरतो. यास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. धूळ थांबली तरी रोग कधी कधी पुढे सरकत राहतो. गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरकडे गारगोटी दळण्याचे कारखाने होते, तेथे मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर कामाला जात आणि परत येऊन मरत. त्यांतील २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. ती गारगोटी काचेसाठी होती की आणखी कशासाठी, फुप्फुसाला सारखेच. सिंक करणाऱ्या कोणा कारखान्यावर आम्ही बोट ठेवीत नाही. आम्ही बोट ठेवतो ते आपल्या स्वतःच्या ओट्यावर.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून गारगोटी आणि राळ यांच्या कृत्रिम दगडाचे ओटे करण्यास आणि बसविण्यास बंदी घातली. असे करणारा तो जगातील पहिला देश. तयार सिंकला मात्र त्या बंदीतून वगळले आहे, कारण ते साच्यातून पुरे होऊन येते, घरी कापावे लागत नाही. यावरून आमचा मुद्दा स्पष्ट व्हावा. सिंक कापावे लागत नाही, पण सिंकसाठी ओटा कापावा लागतो. खऱ्या ग्रॅनाइटमध्येही गारगोटी असते, करड्या-लाल दगडात पुष्कळ, काळ्यात पुष्कळदा कमी. आणि क्वार्ट्झचा म्हणून जो नव्या तऱ्हेचा ओटा विकला जातो तो बहुतांशी गारगोटीच.

आमच्या संघटनेत एक फरशी कापणारा कारागीर आहे. हात असा की तोंडाने सांगितलेल्या मापात सुतभर फरक पडावयाचा नाही. अकोला-अमरावतीच्या दोनेकशे स्वयंपाकघरांत त्याने सिंकची भोके पाडली असतील. काम नेहमी एकाच रीतीने. बंद खोली, हातात ग्राइंडर, तोंडाला रुमाल, आणि पंधरा मिनिटे असा धुराळा की दारातून माणूस दिसू नये. घरची मंडळी दाराला ओली चादर लावीत, धूळ दिवाणखान्यात येऊ नये म्हणून. तो चादरीच्या आत असे. चाळिशीच्या आतच त्याला दम लागू लागला. दोनदा क्षयाची औषधे झाली. थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत, तरी झाली, कारण तो काय काम करतो हे त्याला कोणी विचारले नाही. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईने क्ष-किरणाचे चित्र पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "दगड कापता का?"

आमचे वडील एका कापडगिरणीत होते. कापसाच्या तंतूंनी छाती भरते हे गिरणीत सर्वांना ठाऊक होते. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी दम जास्त लागतो हेही ठाऊक होते. पण तेथे गिरणी एक होती, मालक एक होता, फाटक एक होते. फाटकापुढे उभे राहता येत होते. या कारागिराच्या छातीतील धूळ दोनशे घरांची आहे. आम्ही कोणाच्या फाटकापुढे उभे राहावे? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळविण्याचा रोग ठरविला होता, पण तुमचे स्वयंपाकघर फॅक्टरी नव्हे. बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवावयाचे तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि त्याने कोणाकडेही सलग दोन दिवसांपेक्षा जास्त काम केलेले नाही. आम्ही त्याच्यासाठी दाखले गोळा करीत हिंडलो. कित्येक घरी माणसे चांगली भेटली, पण सही करावयाची म्हटल्यावर विचारीत, "यात आमच्यावर काही येणार नाही ना?"

तो आता ग्राइंडर उचलीत नाही. मुलाच्या पानठेल्यावर बसतो. आमच्या कचेरीचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबतो आणि थांबला की भिंतीकडे पाहतो, आम्हांकडे नव्हे.

तेव्हा सिंक बसविताना एवढे करा. भोकाचे माप आधी कागदावर काढून घ्या. सिंकच्या खोक्यात बहुधा त्याचा नमुना येतो. शक्य तर दगड जेथून घेता तेथेच पाण्याच्या यंत्रावर तो कापून आणा. घरीच कापणे भाग असेल तर अंगणात किंवा गच्चीवर कापावयास सांगा आणि पात्यावर सतत पाण्याची धार ठेवा. पाण्याने धूळ चिखल होऊन खाली बसते. ग्राइंडर विजेचा असतो, म्हणून पाण्यावर चालण्यासाठी केलेलेच यंत्र हवे आणि जोडणीला गळतीरक्षक स्विच हवा. साध्या ग्राइंडरवर तांब्याने पाणी ओतणे म्हणजे एक मरण चुकवून दुसरे बोलावणे. रुमाल हा मुखवटा नव्हे. औषधाच्या दुकानात एन-९५ जातीचे मुखवटे मिळतात, ते कारागिराला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला दोघांनाही द्या. पडलेली भुकटी झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. ओल्या कामाला वेळ जास्त लागतो आणि कारागीर दोनचारशे रुपये जास्त मागेल. ते द्यावे. सिंकच्या किमतीत आपण ते गृहीत धरले नव्हते, इतकेच.

बसविण्याच्या बाकी गोष्टी थोडक्यात. हे सिंक जड, म्हणून ते ओट्याच्या खालून चिकटवावयाचे असेल तर नुसत्या चिकटणीवर भरवसा ठेवू नये, खाली लोखंडी कोनाचा आधार घ्यावा. वरून बसणारे सिंक भाड्याच्या किंवा लहान घराला सोयीचे, पुढे काढावयाचे झाले तर दगड पुन्हा कापावा लागत नाही. नळाचे भोक कित्येक सिंकांना खालून अर्धवट पाडलेले असते. ते कसे उघडावे हे पत्रकात दिलेले असते, मिस्त्रीने हातोडी उचलण्यापूर्वी ते त्याला वाचून दाखवावे. पाणी जाण्याची जाळी साडेतीन इंची घ्यावी आणि खालची नळी वळणदार, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. हमीपत्रावर दुकानदाराचा शिक्का आणि तारीख घ्यावी. कडेला सिलिकॉन भरले की चोवीस तास सिंकला पाणी लावू नये. तेवढ्या एका दिवसाची भांडी मागच्या मोरीत घासावी लागतील, हे कामाच्या बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

कोणाला काही विचारावयाचे असेल तर आम्ही येथेच आहोत. दोन लिंबे आणि सिंकचा एक फुटका तुकडा बरोबर आणला आहे. ज्यांना बुडबुडे पाहावयाचे आहेत त्यांनी पुढे यावे.